काटाघरातलं आरएम

माझ्या लॅपटॉपवरचं आरएम, म्हणजे फाईल पुसायचा आदेश, खरं आरएम नाही. सात वर्षांपूर्वी बॅशआरसीत, म्हणजे आदेश टाइप करायची खिडकी उघडताच वाचल्या जाणाऱ्या फायलीत, त्याच नावाचं एक फंक्शन मी लिहून ठेवलं. ते फाईल पुसत नाही, एका फोल्डरात नेऊन टाकतं. तीनपेक्षा जास्त फायली असल्या तर आधी यादी दाखवतं आणि विचारतं, "नक्की?" या फंक्शनचा मला अभिमान होता. होता म्हणतो, कारण जानेवारीतली ती दुपार.

आमचं ऑफिस सांगलीत, विश्रामबागेत. सहा पोरं आहेत. नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी त्याच्या मशीनवर मी माझी स्क्रिप्ट चालवतो. गिटमधून माझ्या सगळ्या डॉटफाईल्स, म्हणजे सेटिंगच्या फायली, उतरतात, जागच्या जागी लिंक होतात, कॅप्सलॉकचा कंट्रोल होतो आणि शेवटचा आदेश फसला असेल तर प्रॉम्प्ट, म्हणजे आदेशाच्या ओळीची सुरुवातीची खूण, लाल होतो. पुण्याचा एक मित्र म्हणतो, "तू घर सजवतोस, राहतोस कधी?" त्याला रेडिमेड एडिटर पुरतो. पुरू दे.

सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे विम या एडिटरमधलं जेके. बिल जॉयनं १९७६ च्या सुमारास विमचं मूळ असलेलं व्हीआय लिहिलं ते एडीएम-३ए टर्मिनलवर, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड असलेल्या यंत्रावर. आज टॅबची कळ असते तिथं त्यावर एस्केप होती, करंगळी जरा सरकवली की झालं. पुढं कीबोर्ड बदलले, एस्केप वरच्या कोपऱ्यात गेली, आणि व्हीआय वापरणारे मात्र लिहिणं थांबवायला दिवसातून हजारदा तिकडं हात मारत बसले. म्हणून मी जे आणि के लागोपाठ दाबले की इन्सर्ट मोडमधून, म्हणजे मजकूर लिहायच्या अवस्थेतून, बाहेर, असं बांधून ठेवलंय. आता ते बोटांतच आहे. मला विचारलंत तर सांगताही येणार नाही, दाबून दाखवावं लागेल.

तर त्या दिवशी एका साखर कारखान्याच्या काटाघरात गेलो होतो. हंगाम जोरात होता. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग फाटकाच्या पार गेलेली, हवेत मळीचा वास, आणि सर्व्हर टेबलाखाली, बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, भुश्यात. तक्रार साधी होती, डिस्क भरत आलीय. जुन्या लॉगच्या, म्हणजे रोजच्या नोंदींच्या, फायली बॅकअपमध्ये होत्या, त्या काढायच्या आणि पुढं आपोआप निघतील अशी सोय करायची. अर्ध्या तासाचं काम.

आधी जुने लॉग आपोआप काढणाऱ्या लॉगरोटेटची कॉन्फिग फाईल उघडली. ओळ लिहिली, बोटांनी जेके दाबलं, आणि ओळीच्या शेवटी मुकाट्यानं 'जेके' उमटलं. कोरं व्हीआय, त्याला माझं काय माहीत? एकटाच हसलो, दोन अक्षरं खोडली. हसण्यापेक्षा तिथंच उठून बाहेर एक चहा घेऊन आलो असतो तर बरं झालं असतं.

काट्याचा प्रोग्राम रोज तारखेच्या नावाची एक फाईल उघडतो आणि दिवसभर तिच्यात ओळी जोडत जातो. ट्रॉली आत येताना भरलं वजन, ऊस उतरवून परत जाताना रिकामं वजन. रात्री ती फाईल मुख्य डेटाबेसला जाते. मला मागच्या वर्षीच्या फायली काढायच्या होत्या. आरएमपुढं वर्ष नीट टाइप करायचं सोडून मी तिथं तारा ठोकला, म्हणजे 'कुठलंही चालेल'. यादी दिसेलच, मग बघू. एंटर.

यादी आली नाही. प्रश्न आला नाही. इथलं आरएम माझं नव्हतं, खरं होतं. खालच्या ओळीवर नुसता डॉलर लुकलुकत होता. काम झालं की युनिक्स गप्प बसतं, याचं मी पोरांना मोठ्या कौतुकानं सांगत असतो.

आजची फाईलही गेली होती. पावत्या कागदावर होत्या, पण ज्या ट्रॉल्या त्या क्षणी आत ऊस टाकायच्या गव्हाणीपाशी होत्या त्यांचं भरलं वजन फाईलमध्येच होतं. आणि काट्याची नोंद गायब झाली असं या भागात नुसतं बोलून बघा. काटामारीचा संशय इथं उसाइतकाच जुना आहे.

तेवढ्यात ऑपरेटर म्हणाला, "सायेब, प्रिंटर अडकलाय. मशीन एकदा बंद करून चालू करू का?"

"हात लावू नका!" मी इतक्या जोरात ओरडलो की खिडकीतला ड्रायव्हर मागं सरकला.

कारण युनिक्सच्या घराण्यातल्या लिनक्समध्ये आरएम फक्त नाव पुसतं. एखाद्या प्रोग्रामनं फाईल उघडी धरलेली असेल तर आतला मजकूर डिस्कवर तसाच राहतो, तो प्रोग्राम ती सोडेपर्यंत. काटा चालू होता म्हणून फाईल जिवंत होती, आणि ते बटण दाबलं असतं तर कायमची गेली असती. उघड्या फायली दाखवणारं एलएसओएफ त्या मशीनवर नव्हतं, इंटरनेट नव्हतं. स्लॅश प्रॉकमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रामांची माहिती असते त्या फोल्डरात, शिरलो, प्रोग्रामचा नंबर काढला, त्याच्या उघड्या फायलींच्या एफडी फोल्डरात पाचव्या क्रमांकापुढं आजची तारीख आणि कंसात 'डिलिटेड'. इतकं सुंदर अक्षर मी टर्मिनलवर पाहिलेलं नाही.

ऑपरेटरला म्हणालो, "प्रिंटरचा कागद बसेपर्यंत पुढची ट्रॉली थांबवा." तिथूनच सीपी, म्हणजे कॉपी, केलं. शेवटची ओळ शेवटच्या पावतीशी ताडली. शेतकऱ्यांची नावं टर्मिनलवर वेलांट्या-उकार तुटून सांडलेली, ते दुखणं जुनंच आहे, पण नंबर आणि वजन जुळलं. प्रोग्राम थांबवला, फाईल मूळ नावानं जागेवर ठेवली, प्रोग्राम चालू केला. पाच-सहा मिनिटं.

तेवढ्यात रांगेतून हॉर्न सुरू झाले आणि सुपरवायझर आत आले. ऑपरेटरवर चिडले, "कागद नीट लावता येत न्हाई व्हय तुला? गाड्या खोळंबल्यात." त्यानं खाली मान घालून "चुकलं सायेब" म्हटलं. मग ते माझ्याकडं वळले, "तुमचं झालं का वो?" मी म्हणालो, "झालं. डिस्क रिकामी केली."

जाताना वहीत सही केली. वर ऑपरेटरच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'प्रिंटर अडकल्याने काटा ६ मिनिटे बंद.'

दुसऱ्या दिवशी डॉटफाईल्समधल्या त्या फंक्शनचं नाव बदलून 'कचरा' केलं. आता आमच्याकडं आरएम म्हणजे आरएमच, जगात सगळीकडं आहे तसं. पोरांनी कुरकुर केली, एकीनं विचारलं, "सर, चांगलं चाललं होतं की. का बदललं?"

"असंच," मी म्हणालो. कारखान्यात पुढची भेट मार्चमध्ये आहे. तोच ऑपरेटर असेल बहुतेक.