सातारचं लायसन्स, बाबांचं नाव आणि आमचं जर्मन खेडं

आमचं गाव बव्हेरियात, ओबरफाल्त्स भागात. वस्ती हजाराच्या आत, एक चर्च, फायर ब्रिगेडची शेड, आणि दुकान एकही नाही. पाववाल्याची गाडी आठवड्यातून दोनदा येते, हॉर्न वाजवते. बस म्हणजे शाळेची बस, सकाळी सातच्या आत एक आणि दुपारी एक, शाळेला सुट्टी लागली की तीही गायब. मे 2023 मध्ये बस आणि लोकल ट्रेनचं ते महिन्याचं 49 युरोचं तिकीट आलं, सगळ्या जर्मनीत फिरा म्हणे, पण आधी गावातून बाहेर तर पडता आलं पाहिजे ना. म्हणून इथे लायसन्स ही चैन नाही, दुधाची पिशवी आणायला लागणारी गोष्ट आहे.

आम्ही एप्रिल 2022 ला आलो. भारतीय लायसन्सवर राहायला आल्यापासून 6 महिने गाडी चालवता येते, सोबत भाषांतर ठेवायचं. मी मस्त चालवत होते आणि तिथेच फसले, कारण जर्मन लायसन्सचा अर्ज टाकला पाचव्या महिन्यात. तुम्ही पहिल्याच महिन्यात टाका. सहा महिने संपल्यावर चालवलं तर तो नुसता दंड नाही, सरळ गुन्हा धरतात.

दुसरं म्हणजे ज्या देशांच्या लायसन्सला परीक्षेत सवलत मिळते त्या जर्मन यादीत भारत नाही, त्यामुळे लेखी आणि गाडीची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. फक्त नवशिक्यांना असतात तसे सक्तीचे तास आपल्याला नसतात. प्रथमोपचाराचा कोर्स एका शनिवारी उरकला, डोळे चष्म्याच्या दुकानात तपासले, फोटो काढला. हे सगळं दहा दिवसांत झालं. मला वाटलं, झालंच की!

मग गेले जिल्ह्याच्या ऑफिसात, लायसन्सच्या खिडकीवर. जायला 23 किलोमीटर, शेजारच्या आजींनी सोडलं. त्या बाईंनी माझा पासपोर्ट ठेवला, बाजूला सातारचं लायसन्स ठेवलं आणि बराच वेळ दोन्हीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "या दोन वेगळ्या बायका आहेत."

आता लायसन्स मी काढलं 2014 ला, कॉलेजात असताना, एमएच 11. त्यावर माझं नाव, बाबांचं नाव, माहेरचं आडनाव. पासपोर्ट लग्नानंतरचा, त्यात माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. तीन शब्दांतला एकच शब्द जुळतो. आपल्याकडे यात कुणाला काही वाटत नाही, पण त्यांनी मधल्या नावावर बोट ठेवून विचारलं, हा पुरुष कोण? म्हटलं माझे वडील. मग हा दुसरा कोण? माझा नवरा. "मग ही नावं तुमच्या नावात का आहेत?" याचं उत्तर माझ्या बी वन, म्हणजे मधल्या पातळीच्या, जर्मनमध्ये देणं मला जमलं नाही. इथल्या कागदांवर नवऱ्याचं नाव माझं दुसरं पहिलं नाव म्हणून लागलंय, माझ्या पाकिटांवर त्याचं नाव छापून येतं, ते वेगळंच.

खरी चूक आमचीच होती. आल्यावर गावच्या ऑफिसात पत्ता नोंदवताना फॉर्मवर गेबुर्ट्सनामे असा एक रकाना होता. नवऱ्याला वाटलं जन्मावेळचं नाव म्हणजे पाळण्यातलं नाव, ते तर वर लिहिलंच आहे, म्हणून रकाना रिकामा सोडला. तो असतो माहेरच्या आडनावाचा! त्यामुळे सरकारी कॉम्प्युटरात माझं माहेर कुठेच नव्हतं. बायांनो, तो रकाना भरा.

मी पासपोर्टचं शेवटचं पान उघडून दाखवलं, तिथे वडिलांचं नाव असतं. त्या म्हणाल्या, तुम्हाला वडील आहेत हे कळलं, पण लायसन्स तुमचं आहे हे यावरून कसं कळणार. लग्नाचा दाखला आणा. दाखला होता ना, फाइलमध्ये, झकास लॅमिनेट केलेला. लॅमिनेट केलेला कागद त्यांनी हातातच घेतला नाही, म्हणे शिक्का खरा की छापलेला हे तपासता येत नाही. (आमच्याकडे लॅमिनेशन म्हणजे कागदावरचं प्रेम असतं हे यांना कोण सांगणार.)

मग दादाला फोन. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत, ग्रामसेवक निवडणुकीच्या ड्युटीवर, दादाच्या चार चकरा. नवीन प्रत हातात यायला पाच आठवडे गेले. वर मराठी, खाली इंग्रजी. मी इंग्रजी भागाचं जर्मन भाषांतर कोर्टाची शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडून करून नेलं, तर खिडकीवर उत्तर, वरच्या लिपीत काय लिहिलंय? म्हटलं तेच लिहिलंय. "ते तुम्ही म्हणताय." आता शपथ घेतलेला मराठीचा माणूस शोधा! कोर्टांची भाषांतरकारांची ऑनलाइन यादी आहे, त्यात भाषा निवडून शोधता येतं, मराठीला मोजकीच नावं. एक बाई मिळाल्या, जर्मनीच्या दुसऱ्या टोकाला, पोस्टाने सगळं. त्यांनी मराठी भागाचं भाषांतर केलं आणि फोनवर हसत म्हणाल्या, मधल्या नावाचा घोळ घेऊन येणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाही, मी खाली टीप टाकलीय. ती टीप, महाराष्ट्रात मधलं नाव वडिलांचं आणि लग्नानंतर बरेचदा नवऱ्याचं लावतात, एवढीच दोन ओळींची, पण शिक्क्यासकट. त्या दोन ओळींनी काम झालं. आधी गावच्या ऑफिसात माहेरचं आडनाव चढवलं, मग खिडकी. यात सप्टेंबरचा फेब्रुवारी झाला, आणि ऑक्टोबरपासून मी घरात, बाहेर बर्फ, आजींच्या मागे लागून बटाटे आणायचे.

लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, 30 प्रश्न, 10 एरर पॉइंटपर्यंत पास, पण 5 पॉइंटवाले दोन प्रश्न चुकले की नापास. ॲपवर सगळे प्रश्न मिळतात, पाठ करा. गाडीच्या परीक्षेत मी एकदा आपटले. गावाच्या नावाची पिवळी पाटी आली की वेगळा बोर्ड नसला तरी तिथून 50, आणि मी 100 च्या रस्त्यावरून येताना पाटीनंतर ब्रेक लावला. पाटीच्या आधी वेग उतरलेला पाहिजे. पुन्हा पंधरा दिवसांनी दिली, 55 मिनिटांत तीन खेडी फिरवली. खेड्यात चौकात काहीच बोर्ड नसेल तर उजवीकडून येणारा आधी, मग तो ट्रॅक्टर का असेना. मान वळवून खांद्यामागे बघताय हे परीक्षकाला दिसेल असं बघा, नुसते डोळे फिरवून चालत नाही.

जुलैत कार्ड मिळालं. त्याच बाई होत्या. सातारचं लायसन्स त्या ठेवून घेतात, ते माहीत होतं, तरी हात पुढे करायला जड गेलं, बाबांचं नाव असलेला तो माझा शेवटचा चालू कागद होता. फोटो काढू का विचारलं, तर त्यांनी स्वतः झेरॉक्स काढून दिली, दोन्ही बाजूंची.

हो, एक राहिलं, जुनं लायसन्स दोन वर्षांपेक्षा जास्त जुनं असेल तर इथला नवशिक्यांचा प्रोबेशनचा काळ लागत नाही, जुन्या लायसन्सचा काळ त्यात धरतात. माझा सुटला.