आमची वाटचाल : एक फुटी ते तीन फुटी

सिमेंट पाइपचा धंदा वजनावर ठरतो. आतला व्यास एक फूट, लांबी चार फूट, जाडी दीड इंच, असा आमचा सगळ्यात जास्त खपणारा पाइप सव्वाशे किलोच्या आसपास भरतो. हा माल लांब न्यायचा म्हटलं की गाडीभाडं पाइपच्या किमतीला जाऊन भिडतं. त्यामुळं आमचं गिऱ्हाईक सांगली जिल्ह्यातल्या पलूस, तासगाव, कडेगाव आणि फार तर विट्यापर्यंतचं. कोल्हापूरकडनं फोन येतो, भाव विचारतात, भाड्याचा आकडा ऐकतात आणि "बघतो" म्हणून ठेवून देतात. बरोबरच आहे त्यांचं. या वजनामुळंच आम्ही लहान राहिलो आणि या वजनामुळंच टिकलोही, कारण लांबच्या मोठ्या कारखान्याचा माल इथल्या बांधावर आमच्या भावात पोचत नाही.

सुरुवात सासऱ्यांची. आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणतो. मूळचे गवंडी. नव्वदच्या दशकात त्यांनी घरामागच्या पडीक जागेत शोषखड्ड्याच्या आणि आडाच्या कड्या, म्हणजे सिमेंटच्या गोल रिंगा, ओतायला घेतल्या. गवंडीकामात रोज वेगळ्या गावाला जावं लागायचं. कड्या ओतल्या तर गिऱ्हाईक दारात येईल, एवढाच हिशोब. पहिले साचे पलूसच्या एका वर्कशॉपमध्ये तयार झाले. आमच्या भागात साचा करून घेणं किंवा दुरुस्त करून घेणं कधीच अवघड गेलं नाही, याचं श्रेय किर्लोस्करवाडीला द्यायला पाहिजे. औंध संस्थानानं दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर १९१० साली ती वसाहत उभी राहिली आणि तेव्हापासून या पट्ट्यात फिटर, टर्नर, वेल्डर पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आले. पत्रा नीट गोल वाकवणं, दोन अर्धुकांच्या पट्ट्या फट न ठेवता जुळवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. पट्टीत फट राहिली की तिथनं सिमेंटचं पाणी गळतं आणि पाइपच्या अंगावर उभी खरबरीत रेघ उठते.

गंमत म्हणजे त्याच १९१० साली तिकडं ऑस्ट्रेलियात वॉल्टर ह्यूम यानं फिरत्या साच्यात काँक्रीट टाकून पाइप करायची युक्ती काढली. आपल्याकडं ती पद्धत रुजवणारी इंडियन ह्यूम पाइप कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली काढली. आजही सिमेंटचा कुठलाही पाइप आमच्या गिऱ्हाइकाच्या तोंडी 'हुम पाइप'च असतो. आम्ही आमचा उभ्या साच्यात ओतलेला पाइप दाखवतो, तरी "हाच, हुम पाइप" म्हणतात. आम्ही वाद घालत नाही.

धंद्याला खरी गती दिली ती संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानानं. २०००-०१ मध्ये ते सुरू झालं तेव्हा ग्रामविकास मंत्री होते आर. आर. पाटील, म्हणजे आमच्या तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आबा. गावागावात चढाओढ लागली. संडास, शोषखड्डे, गटारी, सगळ्याला कड्या आणि पाइप लागायला लागले. सांडपाण्याचं डबकं दारात ठेवणं कमीपणाचं वाटू लागलं. आण्णांनी याच काळात एक फुटी आणि दीड फुटी पाइपचे साचे घेतले. मी लग्न होऊन या घरात आले ती नंतर. मिरजेची, बी. कॉम. झालेली, आणि मला पहिलं काम मिळालं ते उधारीच्या वहीचं. आता वही आणि कारखाना दोन्ही मी बघते, मिस्टर बाहेरची कामं आणि गाड्या बघतात. तरी नवीन गिऱ्हाईक आलं की ऑफिसात डोकावून विचारतंच, "वहिनी, मालक कुठायत?"

पाइप ओतायचा कसा, हे जरा सविस्तर सांगते. लोकांना वाटतं साच्यात माल ओतला की झालं.

बाहेरचा साचा दोन अर्धुकांचा, बोल्टनं आवळलेला. आतला साचा म्हणजे उभा चिरलेला नळकांडा. त्या चिरेत एक लांब लोखंडी पट्टी बसते, तिला आम्ही चावी म्हणतो. खाली बैठकीची रिंग. आधी पत्र्याला तेलाचा हात मारायचा, पण ओघळ येईल इतका नाही, नाहीतर पाइपवर काळे डाग पडतात आणि पृष्ठभाग भुसभुशीत होतो. मग सळ्यांचा पिंजरा उतरवायचा. उभ्या सळ्या आणि त्यावर गोल फिरवलेली तार. पिंजरा दोन्ही पत्र्यांपासून सारखा लांब राहायला हवा. एका बाजूला टेकला की सळईवर सिमेंटचं पांघरूण उरत नाही, पाणी आत शिरतं, सळई गंजते, फुगते आणि पाइप आतूनच फुटतो. म्हणून पिंजऱ्याला सिमेंटचे छोटे गुटके बांधतो. हे गुटके बांधायचं काम कंटाळवाणं आहे आणि कुणी बघत नसलं की पहिल्यांदा तेच टाळलं जातं, त्यामुळं साचा बंद करायच्या आधी ते मी स्वतः बघते.

माल घट्ट लागतो. हातात घेऊन दाबला तर मुटका व्हावा आणि बोटांना नुसता ओलावा लागावा. थर देत भरायचा, साच्याला लावलेला व्हायब्रेटर प्रत्येक थराला चालवायचा. पाणी जास्त घातलं तर काम सोपं होतं, माल आपोआप खाली बसतो. पण ते जास्तीचं पाणी पुढं उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. फिरत्या साच्याच्या मशीनला हे सोयीचं आहे, फिरताना जास्तीचं पाणी आतल्या बाजूला निथळून येतं. उभ्या साच्यात ती सोय नाही, जेवढं पाणी घालाल तेवढं पाइपातच राहणार.

खरी कसोटी चावी काढायची. सिमेंट धरायला लागलं की चावी ठोकून वर काढायची, मग आतला साचा थोडा आक्रसतो आणि सुटतो. लवकर काढली तर पाइप ढासळतो, उशीर झाला तर साचा असा चिकटतो की घण घालून पत्रा वाकतो, पण निघत नाही. मानकाप्रमाणं साधं सिमेंट तीस मिनिटांच्या आत धरायला सुरुवात करता कामा नये. पण एप्रिल-मेच्या दुपारी आमच्याकडच्या उन्हात पत्रा इतका तापतो की घड्याळावर भरवसा ठेवता येत नाही. आमचा जुना गडी वरच्या कडेला अंगठा दाबतो, ठसा उमटतो पण अंगठ्याला माल लागत नाही, की म्हणतो, "काढा आता." उन्हाळ्यात आम्ही ओतकाम पहाटे उरकतो.

त्यानंतर पाणी. दुसऱ्या दिवशी पाइप हौदात जातो, आणि हौदात मावत नाहीत त्यांच्यावर गोणपाट टाकून दिवसातनं कैक वेळा पाणी मारायचं. हे काम वर्षानुवर्षं सासूबाईंनी केलं. त्यांच्या हातात पाण्याची नळी नाही असं मी क्वचितच बघितलं. गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशी ट्रॉली घेऊन उभं राहतं, "वाळलाय की, द्या." वाळणं आणि पक्का होणं यांचा काही संबंध नाही, सिमेंट पाण्यानं पक्कं होतं. दोन आठवड्यांच्या आतला पाइप आम्ही देत नाही. यावरून गिऱ्हाईक परत गेलेलं आहे, आणि जाऊ दे. पाइप जमिनीत गाडला की पुढची कितीतरी वर्षं तो कुणी बघणार नसतो, म्हणून ज्याला वेळ आहे त्यालाच द्यावा. देताना हातोडीनं हलकं ठोकून दाखवतो. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर कुठंतरी चीर आहे किंवा आत पोकळी आहे. बद्द वाजणारे पाइप बाजूला काढून फोडतो, त्यातली सळई परत मिळते.

पूर्वी येरळेची आणि कृष्णेची वाळू मिळायची. उपशावर निर्बंध आले, भाव चढले आणि हळूहळू सगळे क्रश सँडवर, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूवर आले. क्रश सँड टोकदार असते आणि तिच्यात भुकटी जास्त असते, म्हणून ती पाणी जास्त मागते. पाणी वाढवायचं नाही आणि काम तर व्हायला पाहिजे, तेव्हा धुतलेली सँड घेण्याशिवाय मार्ग नाही. ती महाग पडते. आण्णांना अजूनही नदीच्या वाळूचा पाइप बघितला की भरून येतं, पण सारख्या प्रतीची धुतलेली क्रश सँड मिळाली तर माझ्या मते ती नदीच्या मातकट वाळूपेक्षा बरी. घरात यावर एकमत नाही.

ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी दुष्काळी भागात पोचलं तसा मालाचा रोख बदलला. जिथं कुसळं उगवायची तिथं ऊस आणि द्राक्षं आली. पाणी आलं म्हणजे चाऱ्या, म्हणजे कालव्याचे लहान पाट आले, चाऱ्या पाणंदीला, म्हणजे शेतरस्त्याला आडव्या आल्या, आणि प्रत्येक ठिकाणी रस्त्याखालनं पाणी न्यायला मोरी आली. २०२१ मध्ये मातोश्री पाणंद रस्ते योजना आल्यावर तर रस्त्यांची चर्चा प्रत्येक बांधावर सुरू झाली. आता आमचा निम्म्याहून जास्त माल शेतकरी नेतो.

शेतकऱ्याशी दोन गोष्टींवरून आमची हमखास चर्चा होते. पहिली, पाइपचा आकार. तो म्हणतो, एक फुटी दोन टाकतो, दीड फुटीचं काय काम? पण पाइप भरून वाहायला लागला की सारख्याच उतारावर एक दीड फुटी पाइप जवळजवळ तीन एक फुटींएवढं पाणी नेतो, आणि एक दोन फुटी सहापेक्षा जास्त. मोठ्या पाइपात काठाला घासणारं पाणी प्रमाणात कमी असतं. शिवाय उसाचं पाचट लहान तोंडात अडकतं. दोन लहान पाइप म्हणजे तुंबायच्या दोन जागा. जे हे ऐकतात ते पावसाळ्यात फोन करत नाहीत.

दुसरी, वरची माती. पाइप रस्त्याच्या पातळीला उघडा टाकायचा आणि त्यावरनं भरलेली उसाची ट्रॉली घालायची, मग पाइप फुटला म्हणून आमच्याकडं यायचं. भारतीय मानक ४५८ मध्ये पाइपांचे वर्ग दिलेत (एनपी म्हणजे नॉन-प्रेशर, दाबाविना पाणी नेणारा): एनपी २ हलक्या वाहतुकीखाली, एनपी ३ मध्यम, एनपी ४ जड. पाइप कुठल्याही वर्गाचा असो, खाली मुरमाची सारखी बैठक आणि वर किमान दोन फूट भर हवीच. काळ्या रानात तर बैठक जास्तच बघावी लागते. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि त्या ओढाताणीत सांधे उघडतात. आम्ही गाडीबरोबर गडी पाठवून पहिले दोन पाइप बसवून दाखवतो. त्याचे पैसे घेत नाही, कारण तक्रार निस्तरायला त्याहून जास्त खर्च येतो.

कृष्णाकाठच्या क्षारपड, चिबड, म्हणजे पाणी मुरून दलदल झालेल्या रानांचा प्रश्न आणखी वेगळा. तिथल्या जमिनीतले सल्फेट सिमेंटशी झगडतात, काँक्रीट फुगून पापुद्रे सुटतात. तशा रानासाठी माल मागितला तर आम्ही स्लॅग सिमेंटचा वेगळा घाणा लावतो आणि आधी सांगायला लावतो. चिबड काढायला जमिनीखाली जे भोकाचे पाइप टाकतात ते पीव्हीसीचे असतात, ते आमचं काम नाही. पण त्यांचं पाणी जिथं गोळा होतं त्या तपासणीच्या कड्या आणि चेंबर आमच्याकडनं जातात. बायोगॅससारखा वास येणाऱ्या बंद गटारीत आणखी एक प्रकार दिसतो: पाइप खालून नाही, वरून झडतो. सांडपाण्यातून निघणारा वायू वरच्या ओल्या भागावर आम्ल होऊन बसतो. अशा कामाला आम्ही सरळ सांगतो, आतून अस्तर असलेला पाइप घ्या, आमचा नको.

२०१९ चा महापूर आला तेव्हा सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. आमची जागा उंचावर, पण शेडमधलं सिमेंट दमटपणानं गोळे होऊन गेलं. पूर ओसरल्यावर मात्र मोऱ्यांची मागणी आवरेना. त्याच वेळी प्लास्टिकच्या नालीदार पाइपांची जाहिरात जोरात होती. त्यांना मी नावं ठेवणार नाही, हलके आहेत, लांब आहेत, दोन माणसं खांद्यावर नेतात, क्षाराचं भय नाही. पण पाणथळ चरात रिकामा प्लास्टिकचा पाइप वर तरंगून येतो, वर पुरेशी भर नसली तर. आमचा जागचा हलत नाही. ज्या वजनानं कोल्हापूरचं गिऱ्हाईक जातं, त्याच वजनानं भिलवडीचं राहतं.

पैशाचं थोडक्यात. जीएसटी आला तेव्हा सिमेंटवर २८ टक्के लागला, तो सप्टेंबर २०२५ मध्ये १८ वर आला, तेवढा दिलासा मिळाला. शेतकऱ्याची उधारी ऊस बिलावर, आणि ती येते, उशिरा पण येते. एका मोठ्या ठेकेदारानं मात्र वर्ष-दीड वर्ष रक्कम अडकवून ठेवली, त्यानंतर ठेकेदाराला अर्धी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय गाडी सुटत नाही. आयएसआय शिक्का आमच्या पाइपवर नाही. त्यासाठी स्वतःची प्रयोगशाळा आणि भार चाचणीचं यंत्र लागतं. जिथं शिक्का लागतो तिथं आम्ही मोठ्या कारखान्याचं नाव सांगतो. त्या कारखान्यातलेही चेंबरच्या कड्यांसाठी गिऱ्हाईक आमच्याकडं पाठवतात.

यंदा तीन फुटी पाइपचा साचा करायला टाकलाय. इतका पाइप माणसांना हलवायचा नाही, म्हणून शेडमध्ये चेन पुलीचा गर्डर चढवतोय आणि गाडीत चढवायला हायड्रा क्रेन भाड्यानं बोलावणार. साचेवाल्यानं आतला साचा दोन चाव्यांचा करायचा आग्रह धरलाय, मिस्टरांना एकच पुरेल असं वाटतं, आणि आण्णा दोघांनाही "आधी पत्र्याची जाडी वाढवा" म्हणतायत. दिवाळीनंतर साखर कारखान्यांची धुराडी पेटायच्या आत पहिला पाइप हौदात गेला पाहिजे, कारण गाळप सुरू झालं की ट्रॅक्टर भाड्याला मिळत नाही.