कळसूबाईवर हँडी (हातातला वायरलेस) घेऊन: बारीतून घोटी का लागत नाही

डिसेंबरात आम्ही तिघं हॅमवाले, म्हणजे हौशी रेडिओवाले, कळसूबाईला गेलो, एक मित्र घोटीलाच थांबला, आणि पहाटे पायथ्याच्या बारी गावातून त्याला दोन मीटर बँडवर (दोन मीटर लांबीच्या रेडिओलाटांवर) हाका मारून मारून थकलो पण काही म्हणजे काही नाही. सरळ रेषेत जेमतेम पंधरा-वीस किलोमीटर अंतर, हँडी ५ वॅटची, पण मधे कळसूबाईची अख्खी रांग आडवी आणि १४५ मेगाहर्ट्झचा सिग्नल डोंगर पोखरून जात नाही. धारेच्या कडेवरून तो थोडा खाली वाकतो, पण पायथ्याला चिकटून उभं राहिलं की तेवढं वाकणं पुरत नाही.

चढताना एका शिडीपाशी मात्र पहिल्यांदा त्याचा आवाज तुटक आला, मी अर्धं पाऊल डावीकडे सरकलो आणि एकदम स्वच्छ! समोरच्या कातळावरून परत येणाऱ्या लाटा सरळ लाटेत मिसळतात, कुठे जोर वाढतो, कुठे मरतो, आणि लाटच दोन मीटरची असल्याने अर्ध्या मीटरवर चित्र पालटतं. म्हणून आवाज गेला की लगेच बॅटरी बदलत बसू नका, आधी जागेवरच थोडं सरका. हँडीच्या अँटेनाच्या बुडाशी, अर्थिंगच्या जोडाला, साधारण ४९ सेंटीमीटर वायरची शेपटी लोंबती ठेवा, मला तर फार फरक पडला.

माथ्यावर, १६४६ मीटरवर, देवळाशेजारून घोटी १ वॅटवर लख्ख लागलं आणि खाली बारीत राहिलेल्या मित्राचा निरोप आम्ही मधे बसून पोचवला. तुमचा ग्रुप फुटणार असेल तर एकजण वर किंवा खिंडीत ठेवाच, आणि वेळ आधी ठरवा, दर तासाची पहिली पाच मिनिटं फक्त ऐकायचं.

वर कुणी नसेल तर ४० मीटर बँड, म्हणजे बऱ्याच लांब लाटा (७ मेगाहर्ट्झ). मित्राने बारीत वीस मीटर लांबीचा डायपोल (तारेचा अँटेना) मुद्दाम बुटका, चारेक मीटरवर बांधला होता, त्यामुळे सिग्नल जवळजवळ सरळ वर जाऊन आयनोस्फियरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) खाली येतो, डोंगर आडवा येतच नाही, दुपारी पुणं आरामात मिळालं. रात्री हे बऱ्याचदा फसतं, दिवसाउजेडी उरका. प्रसारणाला लायसन्स लागतंच. मोबाईल दरीत एअरप्लेन मोडवर टाका, नेटवर्क शोधून शोधून बॅटरी संपते. शनिवार-रविवारी शिड्यांवर रांग असते, अँटेना सॅकमधे आडवी बांधू नका, मागच्याच्या डोळ्याला लागते.