ॲरिझोनातली शिशाची फाउंड्री : आमची वाटचाल

आम्ही बंदुका विकत नाही. भरलेली काडतुसंही विकत नाही. विकतो ती फक्त गोळी, म्हणजे काडतुसाच्या तोंडाशी बसलेला शिशाचा तुकडा, आणि तीही एकाच खेळाला लागते तशी. फिनिक्सजवळ मेसामध्ये एका इंडस्ट्रियल गाळ्यात आमचं हे ओतकाम चालतं. गिऱ्हाईक बहुतेक साठीच्या पुढचं. डोक्यावर हॅट, पायात बूट, कमरेच्या दोन्ही बाजूंना रिव्हॉल्व्हर अडकवून सुट्टीच्या सकाळी रेंजवर जाणारं. खेळाचं नाव काउबॉय ॲक्शन शूटिंग.

माझे वडील कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत मोल्डर होते. पंपाच्या केसिंगपासून ट्रॅक्टरच्या पार्टपर्यंत सगळं बिडाचं काम. सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायचो आणि काळ्या वाळूशेजारी बसून त्यातलाच खायचो, त्यामुळे वितळलेला धातू दिसला की मला अजून भूक लागते. आमच्या गाळ्यात मात्र खायला सक्त मनाई आहे. त्याचं कारण पुढे येईलच.

इथल्या आपल्या पोरांसाठी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. एच-वन-बी व्हिसावर असताना बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेतली तरी कायद्याच्या भाषेत ती बाळगलीच. पोरं जातात, वर फोटो टाकतात. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने हा शहाणपणा करू नये. मी चँडलरला सेमीकंडक्टर कंपनीत नोकरीला होतो आणि कार्ड हातात पडेपर्यंत यातल्या कशालाही हात लावला नव्हता.

कार्ड आल्यावर शेजारचे काका मला फिनिक्सच्या बेन एव्हरी या नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेले. काका म्हणजे निवृत्त टूलमेकर, अमेरिकन, हात अजून मायक्रोमीटरसारखे. या खेळाचा इतिहास त्यांच्याकडूनच कळला. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात कोतो दे काझा इथे काही हौशी मंडळींनी जुन्या वेस्टर्न धाटणीच्या बंदुका घेऊन ‘एंड ऑफ ट्रेल’ नावाचा सामना भरवला, आणि १९८७ मध्ये त्यातूनच सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी, म्हणजे सॅस, उभी राहिली. सॅसचा सभासद व्हायचं तर टोपणनाव घ्यावं लागतं, आणि तेही दुसऱ्या कुणी घेतलेलं चालत नाही. मी ‘पन्हाळा पीट’ झालो. हे नाव दुसऱ्या कुणी घेतलं असेल अशी भीती नव्हती.

खेळ चार बंदुकांचा. दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर (दर बाराआधी घोडा हाताने मागे ओढायचा), एक लिव्हर ॲक्शन रायफल (खालचा दांडा हलवून पुढचं काडतूस आत घ्यायचं) आणि एक जुन्या घाटाची शॉटगन. घड्याळ लावून पोलादी पाट्यांवर ठरलेल्या क्रमाने मारायचं. साधारणपणे रिव्हॉल्व्हरच्या दहा, रायफलच्या दहा आणि शॉटगनच्या चार-सहा. एक नेम हुकला की वेळेत पाच सेकंद वाढतात, क्रम चुकला की दहा. बंदूक कुठे कुठे वळवायची याची रेषा ओलांडली तर त्या फेरीतून बाद. पोशाखही त्या काळातलाच लागतो, टीशर्टवर कुणी उभं करत नाही.

मला पहिल्या दिवशी आवडलं ते भरायचं टेबल. सगळ्या बंदुका तिथेच भरायच्या, तोंड पुढे करून, दुसऱ्या माणसाच्या देखत. सहा घरांच्या सिलिंडरमध्ये काडतुसं पाचच. एक घालायचं, एक घर सोडायचं, मग चार घालायची, घोडा पूर्ण मागे ओढून हळूच रिकाम्या घरावर उतरवायचा. शेजारचा वाकून बघतो, मान हलवतो, मगच रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये जातं. मारून झालं की दुसरं टेबल, सगळं रिकामं करून पुन्हा दाखवायचं. सत्तरीचे लोक एकमेकांना शाळेतल्या मॉनिटरसारखं तपासतात आणि कुणालाही त्यात कमीपणा वाटत नाही.

आता धंद्याकडे येतो. आमचा सगळा धंदा नियमांच्या पुस्तकातल्या जेमतेम एका पानावर उभा आहे. त्या पानावर लिहिलंय की रिव्हॉल्व्हर आणि रायफलची गोळी शिशाचीच हवी. तांब्याचं वेष्टण, मुलामा, बुडाला तांब्याची टोपी, काहीही चालत नाही. पाट्या जवळ असतात, रिव्हॉल्व्हरसाठी तर सात ते दहा यार्डांवर, आणि मऊ शिसं पोलादावर आपटून चपटं होऊन खाली पडतं. तरीही चष्म्याशिवाय कुणाला रेंजवर थांबू देत नाहीत, बघायला आलेल्यांनाही नाही. वेगालाही वरची मर्यादा आहे: रिव्हॉल्व्हरला सेकंदाला १,००० फूट, रायफलला १,४००. खालची मर्यादाही आहे. गोळीचं वजन ग्रेनमध्ये (पौंडाचा सात हजारावा भाग), त्याला वेगाने गुणायचं आणि हजाराने भागायचं. उत्तर ६० च्या खाली गेलं नाही पाहिजे, आणि वेग ४०० फुटांच्या खाली नको. १२५ ग्रेनची गोळी सेकंदाला ४८० फुटांनी गेली की बरोबर ६०. बाकीचं बंदुकीचं जग जास्त वेग, जास्त जोर याच्या मागे पळतं. आमचं गिऱ्हाईक फोनवर विचारतं, आणखी हळू जाईल अशी हलकी गोळी आहे का? धक्का कमी म्हणजे पुढचा नेम लवकर.

नाकाचंही तसंच. लिव्हर ॲक्शन रायफलमध्ये काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात, म्हणजे मागच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे ठोका बसताच पेटणाऱ्या बुडातल्या टिकलीवर, टेकलेलं असतं. टोकदार नाक तिथे घातक. म्हणून आमच्या सगळ्या गोळ्यांची नाकं सपाट.

सामन्यागणिक शंभराच्या वर गोळ्या जातात, सराव वेगळा. दुकानातली काडतुसं घेऊन हा खेळ परवडत नाही, म्हणून जवळजवळ प्रत्येक जण स्वतः रीलोडिंग करतो. काडतूस म्हणजे चार गोष्टी: पितळी केस, तिच्या बुडात प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. उडाल्यावर पितळ तसंच राहतं, ते उचलून, घासून, डायमधून (नेमक्या मापाच्या पोलादी साच्यातून) काढून पुन्हा भरता येतं. त्यासाठीचे प्रोग्रेसिव्ह प्रेस बनवणारी डिलन कंपनी आमच्या शेजारच्या स्कॉट्सडेलची. एकदा दांडा ओढला की एक काडतूस तयार. अशा यंत्रात गोळी एक हजारांश इंच जरी जाड-बारीक आली तरी हाताला लगेच कळतं.

काका स्वतःसाठी गॅरेजमध्ये हाताच्या साच्यात ओतायचे. त्यांचे मित्र मागायला लागले. मी म्हटलं, पैसे घेऊन द्यायचं असेल तर कागद नीट करू. अमेरिकन कायद्यात नुसती गोळीसुद्धा ‘दारूगोळा’ या व्याख्येत येते, त्यामुळे विकण्यासाठी ओतायची तर उत्पादकाचा फेडरल परवाना लागतो. त्याची फी तीन वर्षांना ३० डॉलर, पण त्यामागून येणारी झोनिंगची परवानगी, हवा खेचायचे पंखे, विमा यांचा खर्च वेगळाच. ओतायचं ऑटोमॅटिक यंत्र आम्ही क्वीन क्रीकच्या मॅग्मा कंपनीचं घेतलं, तेही सेकंडहँड. वडील म्हणाले, “बंदुकीच्या गोळ्या करतोस आणि पोलिस धरत नाहीत?” आपल्याकडे परवान्यावर काडतुसांचा आकडासुद्धा लिहिलेला असतो, त्यामुळे त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

मिश्रधातूत शिसं ९२ टक्के, अँटिमनी ६, कथिल २. अँटिमनीने गोळी कडक होते, कथिलाने धातू साच्याच्या कानाकोपऱ्यात जातो. नुसतं शिसं ३२७ अंशांना वितळतं, आम्ही भांडं ३७० च्या आसपास ठेवतो. साचा थंड असला की गोळीच्या अंगावर सुरकुत्या पडतात, फार तापला की अंग दवासारखं पांढरट दिसतं. सुरवातीला मी फोटो पाठवला की वडील कोल्हापुरातून व्हॉट्सॲपवर सांगायचे, “साचा तापू दे अजून.” धातू वेगळा होता, पण त्यांना साच्याखेरीज काही बघायची गरज पडली नाही. ओतून झालं की माझी बायको प्रकाशाखाली बूड तपासते. नाकावरचा ओरखडा चालतो, बुडाची कड मोडलेली चालत नाही, कारण नळीतून निघताना मागचा वायू तिथूनच निसटतो आणि गोळी कलते. मग .३५८ इंचाच्या डायमधून दाबून नेमक्या मापाला आणणं, म्हणजे साइझिंग, अंगावरच्या खाचेत वंगणाचं मेण, आणि डब्यात.

भंगाराने आम्हाला फार छळलं. गाडीच्या चाकांना लावायची जुनी वजनं शिशाची असायची, त्यात अँटिमनी आयताच मिळायचा. आता त्यात जस्ताची आणि लोखंडाची मिसळलेली असतात. एका भंगारवाल्याने ‘छाटून दिलंय’ म्हणून विकलेल्या लॉटमध्ये जस्त निघालं. जस्त ४१९ अंशांना वितळतं, त्यामुळे तापमान खाली असेल तर ते वर तरंगतं आणि झाऱ्याने काढता येतं. काकांनी पहिल्याच भांड्यात तरंगणारे तुकडे ओळखले. ते विरघळले असते तर अख्खं भांडं लापशी झालं असतं. तेव्हापासून आम्ही प्रमाणपत्रासह येणाऱ्या विटाच घेतो. महाग पडतात. गिऱ्हाइकाला दर वाढल्याचं कारण सांगितलं, बहुतेकांनी ऐकून घेतलं.

आणि ते खाण्याचं. शिसं त्वचेतून फारसं जात नाही, हातावरून तोंडात जातं, धुळीतून फुप्फुसात जातं. गाळ्यात चहा नाही, तंबाखू नाही, मोबाइलसुद्धा बाहेर. कामाचे कपडे आणि बूट तिथेच राहतात, घरी लहान मूल असलेल्याला तर आंघोळ करूनच सोडतो. हवेतल्या शिशासाठी कायद्याची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे, ३० वरच देखरेख सुरू करावी लागते. सगळ्यांची रक्तातली शिशाची तपासणी ठरलेल्या वेळी होते, कंपनीच्या खर्चाने. पाण्याचा थेंबही भांड्याजवळ नको, ओली वीट आत गेली तर वितळलेलं शिसं छतापर्यंत उडतं. उन्हाळ्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा आम्ही पहाटे भट्टी लावतो आणि ऊन चढायच्या आत बंद करतो.

२०२० नंतर प्रायमर मिळेनात. हजाराचा डबा तीसेक डॉलरला यायचा, तो शंभराच्या वर गेला, आणि तरी मिळेना. प्रायमर नाही तर काडतूस नाही, काडतूस नाही तर आमची गोळी घेऊन करायचं काय? त्या काळात काळ्या दारूवाल्यांनी जरा आधार दिला. फ्रंटियर कार्ट्रिज या प्रकारात काळी दारू किंवा तिचा पर्यायच चालतो, प्रत्येक बारानंतर पाटी धुरात दिसेनाशी होते आणि तरी ही मंडळी खुश. त्यांना नेहमीचं कडक मेण चालत नाही. पेट्रोलियमचं वंगण काळ्या दारूच्या राखेबरोबर नळीत डांबरासारखं बसतं. त्यांच्यासाठी मधमाशांचं मेण आणि चरबी यांचं मऊ मिश्रण काकांनी जमवलं. प्रायमर त्यांनाही लागतातच, पण या लोकांनी घरात आधीपासून साठवून ठेवलेले होते.

फोनवर रोज एक प्रश्न येतो: “या गोळीमागे दारू किती घालू?” याचं उत्तर आम्ही कधीच देत नाही. दारू बनवणाऱ्या कंपनीचं चालू मॅन्युअल बघा म्हणतो. .४५ कोल्ट हे काडतूस १८७३ चं, काळ्या दारूने भरायचं, म्हणून केस मोठी. आजच्या धूरविरहित दारूचं माप तिच्या तळाशी दिसेल न दिसेल इतकंच असतं. चुकून दोनदा पडलं तरी केस भरत नाही, नजरेला काही कळत नाही, आणि रिव्हॉल्व्हर हातात फुटतं. उलट दारू पडलीच नाही तर प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अडकते. नुसता ‘फट्’ असा आवाज आला की रेंजवर शेजारचा माणूस ओरडून थांबवतो. भरलेली काडतुसं आम्ही विकत नाही ती याचसाठी. मागणी आहे, पैसा आहे, पण दुसऱ्याच्या हातातल्या नळीची जबाबदारी मला नको.

टपालखात्याने मात्र आम्हाला जगवलंय. नुसत्या गोळ्यांत दारू नाही, प्रायमर नाही, त्यामुळे त्या टपालाने जातात. फ्लॅट रेट खोक्याला देशभर एकच दर, वजन ७० पौंडांपर्यंत. १२५ ग्रेनच्या दोन हजार गोळ्या म्हणजे साधारण ३६ पौंड, पुठ्ठ्याच्या खोक्यात. पोस्टातल्या बाई आमची गाडी दिसली की आधी ट्रॉली काढतात.

हिवाळ्याच्या शेवटी बेन एव्हरीवर ‘विंटर रेंज’ ही राष्ट्रीय स्पर्धा भरते. त्याआधीचे दोन महिने आमची दिवाळी. यंदा लेप दिलेल्या गोळ्याही सुरू केल्या आहेत. मेणाऐवजी पातळ लेप देऊन ओव्हनमध्ये भाजायचं, धूर कमी, हात स्वच्छ. मॉलिब्डेनमचा किंवा तसा लेप नियमात बसतो. रंग लाल, हिरवा, सोनेरी, हवा तो मिळतो. नमुने रेंजवर नेले तर एका आजोबांनी हिरवी गोळी दोन बोटांत धरून विचारलं, “१८८० मध्ये ही कुठल्या दुकानात मिळायची?” आम्ही फक्त काळा ठेवलाय.