जुनी स्नोमोबाइल आणि हरवलेले ६०० आरपीएम

बर्फ वितळला की बहुतेक जण स्नोमोबाइलवर (पुढे स्की आणि मागे फिरता पट्टा, म्हणजे ट्रॅक असलेली बर्फावरची गाडी) ताडपत्री टाकतात आणि ती थेट पुढच्या हिवाळ्यातच उचलतात. माझी गाडी नव्वदच्या दशकातली आहे: दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, पंख्याच्या हवेने थंड होणारं, दोन कार्ब्युरेटर. गेल्या मोसमात ती कुठे बंद पडली नाही, पण अंगात जोरही नव्हता. थ्रॉटल पूर्ण दाबला तरी आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा काटा ६४०० वर जाऊन अडायचा. मॅन्युअलमध्ये पूर्ण ताकदीचा आकडा ७००० दिलेला आहे. अशा वेळी सल्ले ठरलेले असतात: कार्ब्युरेटरमध्ये मोठे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) टाका, एक्झॉस्ट पाइप बदला. मी ठरवलं, कारखान्यातून निघताना तिच्यात जे होतं ते आधी परत मिळवायचं. वरची भर नंतर बघू.

सुरुवात कॉम्प्रेशनपासून, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजण्यापासून केली. दोन्ही प्लग काढले, त्यांच्या वायर अर्थ केल्या, थ्रॉटल पूर्ण उघडा धरला आणि दोरी ओढली. थ्रॉटल बंद ठेवून मोजलं तर हवा पुरेशी आत जात नाही आणि आकडा फसवा येतो. एका सिलिंडरला १२० पीएसआय (दाबाचं माप), दुसऱ्याला ११५. दोन्हींत दहा टक्क्यांच्या वर फरक असता तर इंजिन उघडावंच लागलं असतं. ते टळलं.

पण नुसतं कॉम्प्रेशन बघून टू-स्ट्रोकवर विश्वास टाकू नये. या इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या बंद पेटीत) येतं, तिथे दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं. क्रँकचं सील किंवा इनटेकचं रबर कुठे फाटलं असेल तर तिथून फुकटची हवा शिरते, मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापतो आणि एक दिवस इंजिन सीझ होतं, म्हणजे पिस्टन जागीच अडकतो. म्हणून इनटेक, एक्झॉस्ट आणि पेट्रोल पंपाची पल्स नळी बंद करून आत साधारण सहा पीएसआय हवा भरली. दाबाचा काटा हळूहळू उतरायला लागला. साबणाचं पाणी ब्रशने सगळीकडे लावलं. क्रँकच्या सीलपाशी काही नाही, गॅस्केटपाशी काही नाही. कार्ब्युरेटर ज्या रबरी फ्लँजवर बसतो ते बोटाने जरा वाकवलं, तेव्हा खालच्या बाजूला बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. सरळ असताना ती चीर दिसतसुद्धा नव्हती. दोन्ही फ्लँज नवीन टाकले आणि काटा जागेवर थांबला.

कार्ब्युरेटर उघडले तर वाटीच्या तळाशी जुन्या पेट्रोलचा तपकिरी चिकटा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, आणि महिनोन्महिने पडून राहिलं की पायलट जेटचं, म्हणजे कमी थ्रॉटलला पेट्रोल देणाऱ्या जेटचं केसाएवढं भोक बुजतं. त्यात तार घालायचा मोह होतो; घालू नये. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेटवर छापलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही. क्लीनरमध्ये भिजवून कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकले. फ्लोटची उंची तपासली, दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातात ना ते बघून केबल लावली आणि ऑइल पंपाची खूण जुळवली. ही खूण चुकली तर इंजिनाला ऑइल कमी पडतं आणि बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

मेन जेटला, म्हणजे फुल थ्रॉटलला पेट्रोल देणाऱ्या जेटला मात्र उन्हाळ्यात हात लावला नाही. थंड हवा घट्ट असते: शून्यावरून उणे ३० अंशांपर्यंत तापमान उतरलं तर तेवढ्याच हवेचं वजन बारा टक्क्यांच्या आसपास वाढतं, म्हणजे पेट्रोलही त्या मानाने जास्त लागतं. डोंगरावर उलटं, हवा विरळ म्हणून लहान जेट. आता गरम हवेत जे सेटिंग बरोबर वाटेल तेच कडाक्याच्या थंडीत लीन ठरून पिस्टन खाईल. आणि गाडी स्टँडवर चढवून फुल थ्रॉटल देणं हा तर शुद्ध वेडेपणा. ट्रॅकखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना बर्फच गारवा आणि वंगण देतो, शिवाय फिरता ट्रॅक तुटला किंवा त्यातून काही उडालं तर मागे उभा असलेला माणूस जिवानिशी जाईल.

आता खरा मुद्दा, क्लच. गिअरलेस स्कूटरमध्ये असतो तोच प्रकार, फक्त दांडगा: पुढे इंजिनावरची पुली प्राइमरी, मागे ट्रॅककडची पुली सेकंडरी, मध्ये बेल्ट. फुल थ्रॉटलला इंजिन त्याच्या पूर्ण ताकदीच्या आरपीएमवर धरून ठेवायचं, हे क्लचचं काम. वेग वाढतो तो बेल्ट पुलींमध्ये वरखाली सरकल्यामुळे. आता प्राइमरीची स्प्रिंग थकली असेल तर फिरताना बाहेर फेकली जाणारी प्राइमरीतली वजनं तिला लवकर दाबतात, गाडी लवकर वरच्या रेशोत जाते आणि इंजिन खालच्या आरपीएमवर कण्हत राहतं. सेकंडरीची स्प्रिंग मऊ पडली तरी तेच. माझ्या ६४०० चं कोडं इथेच असणार असा संशय होता.

प्राइमरी उतरवायला तिचा खास पुलर लागतो; हातोडीने ठोकून ती काढू नये. झाकणाचे बोल्ट आलटूनपालटून, थोडे थोडे सैल केले, कारण आत स्प्रिंग दाबलेली असते. दोन्ही स्प्रिंग नव्यांच्या शेजारी उभ्या केल्या तर जुन्या उघड उघड बुटक्या. एक रोलर फिरवताना बोटाला अडकत होता. बघितलं तर एका बाजूने घासून सपाट झालेला. वजनं काट्यावर टाकली, ती सारखी निघाली. बेल्टची रुंदी व्हर्नियरने मोजली, मॅन्युअलच्या मर्यादेच्या खाली. अरुंद बेल्ट सेकंडरीत खोल बसतो, त्यामुळे गाडी उठतानाच सुस्त. स्प्रिंग, रोलर, बुश आणि बेल्ट बदलले, पुलींचे चेहरे स्कॉचब्राइटने घासून अ‍ॅसिटोनने पुसले, दोन्ही क्लचमधलं अंतर आणि सरळ रेष जुळवली. ही शेवटची गोष्ट लोक सर्रास टाळतात आणि मग बेल्ट टिकत नाही म्हणून बेल्टच्या नावाने खडे फोडतात.

बाकीचं काम रटाळ पण सोपं. चेनकेसचं ऑइल बदललं, सस्पेन्शनच्या निपलमधून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवीन भरलं, ट्रॅकच्या आतल्या छोट्या बोगी चाकांची खरखर करणारी बेअरिंग काढून नवी टाकली, स्कीखालच्या कार्बाइडच्या कडक पट्ट्या बदलल्या. सिलिंडरवरच्या थंडाव्यासाठीच्या पातळ कडांमध्ये (फिन्समध्ये) उंदराने जमवलेला कचरा होता. तो तसाच राहिला असता तर एक सिलिंडर दुसऱ्यापेक्षा तापला असता. मग गाडी हिवाळ्यापर्यंत ठेवण्यासाठी टाकीत पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर, इंजिनात गंज रोखणारं फॉगिंग ऑइल, कार्ब्युरेटरच्या वाट्या रिकाम्या, एक्झॉस्टच्या तोंडाला बोळा, बेल्ट काढून ठेवलेला आणि मागचा भाग उचलून ट्रॅकवरचं वजन कमी.

बर्फ पडल्यावर आधी गाडी नीट गरम केली, मग लांब सपाट पट्ट्यावर फुल थ्रॉटल दिला. काटा ६९०० च्या पुढे गेला आणि वेग वाढत असतानाही तिथेच राहिला. तसाच थ्रॉटल दाबलेला ठेवून किल स्विच मारला आणि प्लग काढून बघितले. मध्येच थ्रॉटल सोडला तर प्लगवर खालच्या जेटचा रंग येतो आणि वाचन चुकतं. प्लगचं पोर्सेलिन हवं त्यापेक्षा पांढुरकं होतं, म्हणजे मिश्रण लीन, म्हणून मेन जेट एक नंबर मोठा टाकला. पुढच्या फेरीला दोन्ही प्लग फिक्या चॉकलेटी रंगाचे आले.

क्लच पकडताना गाडी अजून थोडी लवकर, म्हणजे कमी आरपीएमलाच सरकते. त्यासाठी वेगळी स्प्रिंग मिळते, पण मऊ बर्फात हळू निघणारी गाडी ट्रॅक जागच्या जागी फिरवून खड्डा करत नाही, त्यामुळे ते मी तसंच ठेवलं आहे. मोठ्या पाइपचा विषय सध्या बंद.