तुरीच्या पानापासून जेलवरच्या बँडपर्यंत : माझा अनुभव

परभणीत बसून मॉलिक्युलर बायोलॉजी शिकायची म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो : पुण्याला नाहीतर हैदराबादला जा. सल्ला खोटा नाही, अर्धवट आहे. तिथल्या कार्यशाळेच्या सात-दहा दिवसांत पदरात काय पडणार हे आधीच्या तीन महिन्यांवर ठरतं, आणि त्या तीन महिन्यांबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून इथे त्यांच्याबद्दलच जास्त लिहिते.

माझं काम साधं होतं. बीएसएमआर ७३६ आणि बीडीएन ७११ हे तुरीचे दोन वाण, दोन्ही बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचे. पहिल्याचा दाणा लाल, दुसऱ्याचा पांढरा. दाणा पाहून हे कुणीही ओळखेल, पण रोपावरून किंवा भेसळीच्या बियाण्यातून ओळखायचं तर डीएनए हवा. त्यासाठी एसएसआर मार्कर वापरायचे होते. जीनोममध्ये, म्हणजे पेशीतल्या संपूर्ण डीएनएत, काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. हा तुकडा किती वेळा येतो ते वाणागणिक बदलू शकतं, म्हणून पीसीआरने त्या भागाच्या असंख्य प्रती काढल्या की लांबीतला फरक जेलवर, म्हणजे विजेने डीएनए ज्यातून धावतो त्या पारदर्शक वडीवर, वेगवेगळ्या जागच्या पट्ट्यांनी (बँड) दिसतो. विभागात पीसीआर यंत्र होतं, जेल टँक होता, नळ्या गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज होतं. ती रोज चालवणारा हात मात्र नव्हता.

सुरुवात फुकटच्या गोष्टींपासून केली. तुरीचा जीनोम हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो एनसीबीआय या अमेरिकेच्या खुल्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. प्रसिद्ध संशोधनलेखांतले प्रायमर (कुठला भाग वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) उचलायचे आणि तिथल्याच प्रायमर-ब्लास्ट या साधनात टाकून ते तुरीत एकाच जागी बसतात की चार जागी ते बघायचं. चार जागी बसणारा प्रायमर पुढे जेलवर चार बँड देतो आणि दोष मात्र डीएनएला लागतो. लेख मिळवायची अडचण पूर्वी मोठी होती. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झाल्यावर सरकारी विद्यापीठं आणि संस्थांमधून जवळपास १३,००० नियतकालिकं उघडता येतात. आपलं महाविद्यालय त्या यादीत आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. पुष्कळदा नोंदणी झालेली असते, पण विद्यार्थ्यांना लॉगिन दिलेलं नसतं.

व्हिडिओंबाबत माझं मत जरा कडक आहे. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन मंचावरचा पूर्ण कोर्स करावा. तो फुकट आहे, परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क. ईएमबीएल-ईबीआय या युरोपीय संस्थेचं ऑनलाइन प्रशिक्षण डेटाबेस शिकायला उत्तम. अमृता विद्यापीठाच्या व्हर्च्युअल लॅबमध्ये पायऱ्यांचा क्रम पाठ होतो. पण यातल्या एकानेही हात तयार होत नाही. हात तयार होतो पिपेटने, म्हणजे मायक्रोलिटरमध्ये (मिलिलिटरचा हजारावा भाग) द्रव मोजून उचलणाऱ्या साधनाने, आणि त्यासाठी हैदराबादला जावं लागत नाही.

रसायनशास्त्र विभागात चार दशांशाचा वजनकाटा असतोच. छोटी बाटली काट्यावर ठेवा, काटा शून्य करा आणि १०० मायक्रोलिटर डिस्टिल्ड वॉटर दहा वेळा सोडून दर वेळचं वजन लिहा. ३० अंशांना १०० मायक्रोलिटर पाणी साधारण ९९.६ मिलिग्रॅम भरतं. दहाही आकडे एकमेकांच्या जवळ पण सगळेच कमी येत असतील तर पिपेट कॅलिब्रेशनला पाठवा. आकडे ९४, १०२, ९७ असे उड्या मारत असतील तर दोष आपल्या अंगठ्याचा. प्लंजर (अंगठ्याने दाबायचा दट्ट्या) झटक्याने सोडला की टिपमध्ये, म्हणजे पुढच्या प्लॅस्टिकच्या टोकात, हवा शिरते. टिप द्रवात फार खोल बुडवली की बाहेरून चिकटलेला थेंबही सोबत जातो. पहिल्या थांब्यापर्यंत दाबून द्रव उचलायचा, सोडताना दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबायचं. उलटं केलं की दर वेळी जास्त येतं. पाण्यावर हात बसला की ग्लिसरॉलवर हेच करा, कारण पीसीआरमध्ये प्रती काढणारं टॅक एन्झाइम ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये येतं आणि ते टिपला मधासारखं चिकटतं. मी दोन आठवडे रोज अर्धा तास हेच केलं. कंटाळवाणं आहे, पण मायक्रोलिटरचा हिशेब इथेच पक्का होतो.

आता अर्जांचं. एम.एस्सी.पर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी आणि महाविद्यालयीन शिक्षकांसाठी तीन विज्ञान अकादम्यांची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप आहे. शिक्षकही अर्ज करू शकतात, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं. तिची मुदत सहसा नोव्हेंबरमध्ये संपते, म्हणजे नेमकी दिवाळीच्या सुट्टीच्या आगेमागे. प्राचार्य गावाला, शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली क्लार्कसाहेबांकडे. तेव्हा सही-शिक्का घटस्थापनेच्या आतच उरकून ठेवा. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी सात ते दहा दिवसांच्या कार्यशाळा बऱ्या. पूर्वीच्या ‘सर्ब’ या केंद्र सरकारच्या संशोधन-निधी मंडळाने अशा कार्यशाळांना पैसा दिला, आता ते काम त्याच्या जागी आलेल्या एएनआरएफकडे आहे. यंत्रच वापरायचं असेल तर आय-स्टेम पोर्टलवर कुठल्या संस्थेत कोणतं उपकरण आहे ते शोधून वेळ मागता येते. दूर जाण्याआधी घरचंही बघावं : छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात पॉल हेबर्ट यांच्या नावाचं डीएनए बारकोडिंग (डीएनएवरून प्रजाती ओळखण्याचं) केंद्र आहे, आणि लातूरला कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे.

अर्जातल्या टिपणात ‘मला अत्याधुनिक तंत्र शिकण्याची आवड आहे’ असं लिहिलं तर ते शंभरातलं एक होतं. मी असं लिहिलं : तुरीच्या पानांतून डीएनए काढते, २६०/२३० चं गुणोत्तर ०.७ येतं, पीसीआर लागत नाही, सोबत जेलचा फोटो जोडला आहे. (हे गुणोत्तर म्हणजे डीएनएच्या शुद्धतेचं माप; शुद्ध डीएनएला ते २ च्या आसपास येतं.) फसलेला जेल जोडायला लाज वाटते, पण निवडणाऱ्याला त्यावरून कळतं की या माणसाने काम करून पाहिलंय. आणि पत्र लिहून आधीच विचारा : स्वतःचा नमुना आणू का? नाही म्हणाले तरी जावं, पण हो म्हणणाऱ्या ठिकाणाला पहिली पसंती द्यावी. आयता डीएनए आणि आयतं मिश्रण दिलं की सगळ्यांचेच बँड येतात, आणि घरी आल्यावर कुणाचेच येत नाहीत.

नमुन्यासाठी बियाणं मी परभणीच्या कृषी विद्यापीठातून घेतलं. १८ मे हा विद्यापीठाचा वर्धापन दिन. त्या दिवशी खरीप मेळावा भरतो आणि बियाणं विक्रीला असतं. पिशवीवरचं लेबल जपून ठेवा, लॉट नंबर पुढे लेखात लागतो. ट्रेमध्ये पेरून दहा-बारा दिवसांची कोवळी पानं घ्या. जून पानात फिनॉल आणि चिकट शर्करा जास्त असतात. पानं बारीक करायला द्रव नायट्रोजन लागतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आपल्याकडे तो जनावरांच्या दवाखान्यात, वीर्यकांड्यांच्या कॅनमध्ये असतो. पण तो त्या कांड्यांसाठी असतो, मागून त्यांची अडचण करू नये. त्यापेक्षा सिलिका जेल स्वस्त आणि खात्रीचं. पान कागदी पाकिटात घालून पानाच्या वजनाच्या निदान दहापट सिलिकात पुरायचं. निळे दाणे गुलाबी झाले की लगेच बदलायचे. पान एका दिवसात कडकडीत वाळायला हवं. हळूहळू वाळलं तर आतली एन्झाइम डीएनए कुरतडत राहतात. असं वाळलेलं पान झिपच्या पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात, आणि डबा देवगिरी एक्स्प्रेसमध्ये मांडीवर. बर्फ नको, थर्माकोल नको.

डीएनए काढायची सीटॅब पद्धत (सीटॅब हा पेशी फोडणारा साबणासारखा पदार्थ) सगळ्यांना पाठ असते, तरी तूर फसवते. पान ज्यात मिसळायचं ते द्रावण, म्हणजे बफर, असा : सीटॅब २ टक्के, ट्रिस १०० मिलिमोलर, ईडीटीए २० मिलिमोलर, मीठ १.४ मोलर, पीएच ८. तुरीसाठी मी मीठ २ मोलरपर्यंत वाढवते, कारण जास्त मिठात शर्करा द्रावणातच राहतात, डीएनएबरोबर खाली बसत नाहीत. पीव्हीपी २ टक्के. बीटा-मरकॅप्टोइथेनॉल वापरायच्या वेळीच घालायचं, मिलिलिटरला २ मायक्रोलिटर, तेही फ्यूम हूडमध्ये. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, तेच पान कुटल्यावर नळीत होतं. पीव्हीपी आणि मरकॅप्टोइथेनॉल हे काळं पडणं थांबवतात. एकदा फिनॉल डीएनएला चिकटून तपकिरी झाला की धुऊन निघत नाही.

२० मिलिग्रॅम वाळलेलं पान चिमूटभर पीव्हीपीबरोबर बारीक पूड होईपर्यंत घोटा आणि ६५ अंशांना आधीच तापवलेला ७०० मायक्रोलिटर बफर घाला. पूड बफरची वाट बघत पडता कामा नये. ४५ मिनिटं ६५ अंशांना, दर दहा मिनिटांनी नळी हलक्या हाताने उलटी-सुलटी. मग थोडं निवू द्या आणि तेवढंच क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल, २४:१. इथून पुढे व्हॉर्टेक्स (नळी जोरात हलवणारं यंत्र) नाही. १२,००० आरपीएमला दहा मिनिटं, पण थंड सेंट्रिफ्यूजमध्ये नको : गारव्यात सीटॅब स्वतःच बाहेर पडतं आणि साबणासारखा थर बसतो. वरच्या थरातलं निम्म्याहून थोडं जास्तच घ्या, मधल्या पांढऱ्या पापुद्र्याला टिप लावू नका. हावरटपणा इथे महागात जातो. थर पिवळट असेल तर क्लोरोफॉर्म पुन्हा. त्यात ०.७ पट आयसोप्रोपॅनॉल घालून बर्फावर २० मिनिटं. रात्रभर उणे २० ला ठेवलं तर डीएनए जास्त मिळतो ही समजूत मलाही होती. जास्त मिळतात ते मीठ आणि शर्करा. मग पुन्हा फिरवून तळाशी बसलेला डीएनए (पेलेट) ७० टक्के इथेनॉलने दोनदा धुवा.

वाळवण्याच्या पायरीत मराठवाड्याचा उन्हाळा आडवा येतो. पुस्तकात १५ मिनिटं लिहिलेली असतात. मे महिन्यात पंख्याखाली पाच मिनिटांत पेलेट वाळतं आणि दहा मिनिटांत असं घट्ट होतं की विरघळता विरघळत नाही. कडेचा ओलावा गेला की थांबा. ५० मायक्रोलिटर टीईमध्ये (ट्रिस आणि ईडीटीएचं द्रावण) घ्या, पण त्यात ईडीटीए ०.१ मिलिमोलरच ठेवा. जास्तीचं ईडीटीए पीसीआरमधलं मॅग्नेशियम पकडून बसतं. आरएनए तोडणारं एन्झाइम आरएनएज १ मायक्रोलिटर, ३७ अंशांना अर्धा तास.

माझं ०.७ चं कोडं कार्यशाळेत पहिल्याच दिवशी सुटलं. तिथल्या तंत्रज्ञ ताईंनी नळी उजेडात धरली, टिप आत घालून वर उचलली. डिंकासारखी तार आली. “शर्करा आहे ही, डीएनए नव्हे. दहापट पातळ करून लाव.” १:१० पातळ केलेल्या नमुन्यात बँड आला, मूळ नमुन्यात नाही. डीएनए कमी पडल्यामुळे पीसीआर लागत नसावी असं समजून मी महिनाभर डीएनए वाढवत होते, म्हणजे अडवणारा पदार्थच वाढवत होते.

पीसीआरचं गणित २५ मायक्रोलिटरचं : २एक्स मास्टर मिक्स (टॅक, मॅग्नेशियम वगैरेंचं दुप्पट तीव्रतेचं तयार मिश्रण) १२.५, प्रत्येक प्रायमर १० मायक्रोमोलरचा १, डीएनए १ ते २, बाकी पाणी. दहा नळ्यांसाठी अकराचं मिश्रण करा. प्रायमर पावडरीत येतो. नळी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, नाहीतर पावडर झाकणाबरोबर उडते. पाकिटावर जितके नॅनोमोल लिहिले असतील त्याच्या दहापट मायक्रोलिटर टीई घातलं की १०० मायक्रोमोलर होतो, २४.६ असेल तर २४६. कार्यक्रम : ९४ अंश ५ मिनिटं, मग ३५ वेळा ९४, ५५ आणि ७२ अंश, प्रत्येकी ३० सेकंद, शेवटी ७२ ला ७ मिनिटं. एका नळीत डीएनएऐवजी पाणी हवंच. तिच्यात बँड आला तर त्या दिवशीचे बाकीचे सगळे बँड रद्द. एसएसआरचे तुकडे १५० ते २५० बेसचे (अक्षरांचे) असतात, म्हणून जेलमध्ये अ‍ॅगरोज ३ टक्के. १०० च्या खालची पुसट पट्टी ही प्रायमर एकमेकांना जुळल्याची. बफर बोअरच्या पाण्यात करू नका. आणि जेल लावताना लाल वायर नमुना भरायच्या खाचांपासून लांबच्या टोकाला. डीएनए धन टोकाकडे धावतो.

परत आल्यावर तेच प्रायमर, तोच डीएनए, तोच कार्यक्रम, आणि बँड गायब. आधी संशय वीजपुरवठ्यावर गेला, तो अर्धा खरा होता : मधे लाइट गेली की आमचं यंत्र पहिल्या चक्रापासून सुरू होतं, म्हणून आता ते यूपीएसवर आहे. खरा दोष नळीत दिसला. २५ मायक्रोलिटर घातलेले, निघाले १४. बाकीचे थेंब झाकणाला चिकटलेले. यंत्राचं तापणारं झाकण तापत नव्हतं, त्यामुळे वाफ वर जाऊन तिथेच थिजत होती आणि खाली मीठ-मॅग्नेशियमचं प्रमाण बिघडत होतं. दुरुस्तीचा खर्च मंजूर होईपर्यंत जुना उपाय वापरते : मिश्रणावर २५ मायक्रोलिटर मिनरल ऑइलचा थर. बँड पुन्हा येतात. फक्त तेलाखालून नमुना उचलल्यावर टिपचं टोक टिश्यू पेपरला पुसून घ्यावं लागतं, नाहीतर तेल सोबत येतं आणि नमुना जेलच्या खाचेत बसायच्या ऐवजी तरंगून बाहेर पडतो.