बारा मेगापिक्सेलची हौस

माणूस असता तर आज कॉलेजात जाण्याच्या वयाचा असता, असा एक कॅमेरा सध्या माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलाय. निकॉन डी७००. २००८च्या जुलैत जाहीर झाला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत तीन हजार डॉलर होती, तीही नुसत्या बॉडीची, म्हणजे लेन्सशिवाय. आज तो मधल्या फळीतल्या फोनच्या भावात हाती लागतो. आणि गरज म्हणाल, तर मला त्याची काडीइतकीही नाही.

मी बँकेत नोकरी करते. माझे फोटो म्हणजे घरचा गणपती, भाचरंडांचे वाढदिवस, पावसाळ्यात येऊरच्या वाटेवर आडवा आलेला एखादा खेकडा. हे सगळं फोन बिनतक्रार टिपतो, वर मावशीच्या व्हॉट्सॲपवर पोचवूनही मोकळा होतो. फोनवर आकडा ५० मेगापिक्सेलचा, डी७००चा १२चा. या आकड्यांची सरळ तुलना होत नाही, हे मी कुणालाही समजावून सांगू शकते. डी७००चा सेन्सर (प्रकाश टिपणारी आतली पाटी) ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. त्यावरचा एकेक पिक्सेल साडेआठ मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) घरातला. फोनचा एका मायक्रॉनच्या आगेमागे. पिक्सेल मोठा, तेवढा प्रकाश जास्त. फोटो ४२५६ बाय २८३२चा येतो, आणि ए-४ आकारात झकास छापायला ३५०८ बाय २४८० पुरतात. मग भिंतीवर लावायला आणखी काय हवं? पण हा सगळा हिशेब नंतरचा. पिक्सेल मोजून कुणाचा जीव कशावर जडत नाही.

माझा जडला तो दादरच्या एका हॉलमध्ये, मामेबहिणीच्या लग्नात. फोटोग्राफरला खुर्चीवर चढायचं होतं, शेजारी मीच उभी होते. "ताई, जरा धरता?" म्हणून त्याने तो माझ्या हातात दिला आणि हात चांगला वीतभर खाली गेला. बॅटरी आणि लेन्स सोडून नुसती बॉडीच किलोभराची. पण बोटं आपसूक जिथे जायची तिथे गेली: तर्जनी शटरवर, अंगठा मागच्या चाकावर, बाकीची तीन त्या रबरी मुठीत. डाव्या खांद्यावर एक गोल चकती आणि तिच्या डोक्यावर तीन बटणं. फोटोची क्वालिटी, रंग जुळवणारा व्हाइट बॅलन्स, आणि उजेड कमी असला की वाढवायचा आयएसओ. मेनूत शिरून काही शोधायला नको. गोल आयपीसला डोळा लावला तर अख्खा हॉल आत, पडद्यावरचा नव्हे, खरा, आरशावरून आलेला. अक्षता, मुंडावळ्या, मामांचं टक्कल, सगळं. न राहवून मी बटण दाबलं. खळ्ळक्! आतला आरसा उचलून पुन्हा खाली बसल्याचा तो आवाज मनगटापर्यंत जाणवला. "दाबू नका हो ताई, कार्ड भरत आलंय," वरून फोटोग्राफर ओरडला.

नंतर मी याच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटले. ऑगस्ट २००७मध्ये निकॉनने डी३ आणला होता, पाच हजार डॉलरचा. डी७००मध्ये सेन्सर तोच, दोन हजार डॉलर कमी. आयएसओ ६४००ला, म्हणजे अंधुक उजेडातही, वापरण्याजोगा फोटो देणारी बॉडी अशी अचानक आवाक्यात आल्यावर प्रेसवाले आणि लग्नवाले तिच्यावर तुटून पडले, यात नवल नाही. पण गंमत बघा, दोनच महिन्यांत त्याच कंपनीचा डी९० आला, व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला डिजिटल कॅमेरा. आणि पाठोपाठ सप्टेंबरात कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू, २१ मेगापिक्सेल आणि फुल एचडी व्हिडिओसकट. म्हणजे बिचाऱ्याचं म्हातारपण जन्मसालीच सुरू झालं. याच्यात व्हिडिओ नाहीच. मला तो गुणच वाटतो. साखरपुड्यात "जरा व्हिडिओपण काढ गं" म्हणणाऱ्या माम्यांना "यात सोयच नाही" हे खरंखुरं उत्तर देता येईल.

तर अशी कारणं सुचत जातात. घरात फिल्मच्या काळातली एक ५० एमएमची एफ १.८ डी लेन्स पडून आहे. तिला स्वतःची मोटर नाही, त्यामुळे निकॉनच्या स्वस्त बॉडींवर तिचा ऑटोफोकस चालत नाही. डी७००च्या पोटात मोटर आहे. झालं! लेन्स वाया जातेय, म्हणून कॅमेरा घ्यायचा. नाल सापडला म्हणून घोडा बघायला निघालेल्या बाई त्या मीच.

एवढी तयारी करून नवऱ्यापुढे विषय काढला. तो म्हणाला, "घे की. कोण अडवतंय?" आणि पुन्हा भाजी निवडायला लागला. खरी पंचाईत तिथे झाली. नको म्हणाला असता तर भांडता आलं असतं, आणि भांडताना आपली बाजू आपल्यालाही पटत जाते. आता सगळी वकिली माझी मलाच ऐकवायची.

"फोटो कॅमेऱ्याने नाही, नजरेने काढतात" असं सुनावणारेही भेटतात. खरं आहे, पण हे लोक पैठणी घ्यायला निघालेल्या बाईला "कपडे अंग झाकण्यापुरते असतात" असं कधी म्हणाल्याचं ऐकलं नाही. पैठणीला कुणी कारण विचारत नाही. मोर आवडला, घेतली. यंत्राला मात्र उपयोगाचा दाखला लागतो. तो दाखला नसला की आपणच खोटा बनवतो: छंद वाढवीन, प्रदर्शनात फोटो पाठवीन, दर रविवारी पहाटे उठीन. हे असं काही मी करणार नाही. मला तो हातात धरायचा आहे, खळ्ळक् ऐकायचं आहे, आणि रविवारी झोपायचंही आहे.

फक्त हौसेला तळ नसतो, ही भीती खरी. आधी बॉडी, मग २४-७० एफ २.८ची झूम लेन्स, मग ती पेलणारी बॅग, मग पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून विजेवरचं ड्राय कॅबिनेट. यावर माझ्या धंद्यातलाच उपाय आहे. हे कर्ज पहिल्या दिवशीच बुडीत धरायचं. जेवढी रक्कम परत येणार नाही असं धरूनही मला रात्री झोप लागेल, तेवढीच न्यायची. हप्ते नाहीत, क्रेडिट कार्ड नाही. कॅमेरा महिन्याभरात मेला तरी घरात त्याचं सुतक पाळायचं नाही. आणि लेन्स घरात आहे तीच. बुरशीसाठी झाकणाचा घट्ट डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. (तांदळाच्या डब्यात ठेवा म्हणणाऱ्यांचं ऐकू नये, पिठूळ धूळ आत जाते.)

वजनाचीही परीक्षा घेऊन झाली. किलोभर तूरडाळ पर्समध्ये टाकून ठाणे ते सीएसएमटी उभ्याने गेले. खांदा दुखला. शेजारच्या बाईने डाळीचा भाव विचारला. मत बदललं नाही.

आता चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी आहे, तेव्हा फोर्टात जायचं ठरलंय. दुकानदार "एकहाती वापर आहे, मॅडम" म्हणणारच. आपण मान डोलवायची आणि आपलं काम करायचं. एक फोटो काढून त्यातल्या माहितीत शटर किती वेळा पडलंय ते बघायचं. कंपनीने ते दीड लाखांपर्यंत तपासलेलं आहे. एका लग्नात दोन हजार धरले तर पंच्याहत्तर मुहूर्तांत संपतात, त्यामुळे "एकहाती" हात कुणाचा ते लगेच कळतं. दीड लाख उलटले म्हणजे लगेच मेलाच असंही नाही, पण भाव करायला बरं पडतं. मग एफ १६ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा फोटो, सेन्सरवरचे डाग दिसतात. मग कार्डाचं दार उघडून टॉर्च मारायचा. याला बारकं एसडी कार्ड चालत नाही, जुनं जाडजूड काॅम्पॅक्ट फ्लॅश लागतं, आणि त्यासाठी आत पन्नास बारीक सुया उभ्या असतात. घाईत कार्ड तिरकं खुपसलं की त्यातली एखादी वाकते. वाकलेली दिसली तर दुकानदार कितीही गोड बोलो, उठायचं.

राहता राहिलं मुठीवरचं रबर. या बॉडीचं ते वयोमानाने फुगतं, कडेने सुटतं, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मनात ते थोडं सुटलेलंच असावं असं आहे. चिकटवायला फारसा खर्च नाही, आणि तेवढ्यावरून हजार-पाचशे तरी नक्की तोडता येतील.